वरून दिसणारं शहर

रोपवेच्या डब्यात मुलगा आईच्या शेजारी बसला आणि सुनेला समोरच्या बाकावर एकटीला बसावं लागलं. आईला बरं वाटलं. लग्न झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

डबा टेकडी चढू लागला, तसं खाली शहर पसरत गेलं. राजाला (आई त्याला अजून राजाच म्हणायची) उंचीची धास्ती होती. तरी डोळे गच्च मिटून, आईचा हात धरून तो बसला होता. सून बाहेर पाहत होती, तोंड एवढंसं करून. जळतेय, आईच्या मनात आलं. जळू दे.

लोकांच्या कपड्यांना टिपा मारून तिने त्याला एकटीने वाढवलं होतं. शाळेतून आला की तो आधी मशीनपाशी यायचा आणि दिवसभराचं सगळं सांगायचा. आता ते सगळं बंद दाराआड या बाईच्या कानात जायचं. हल्ली तर जेवणं झाली की दोघांची कुजबुज चालायची आणि आईची चाहूल लागली की थांबायची.

वर पोचल्यावर राजाने आईला काही कमी पडू दिलं नाही. उन्हाची टोपी घेतली, आईस्क्रीम घेतलं, आरसेघरात हाताला धरून फिरवलं. स्वतःची वेडीवाकडी तोंडं बघून मायलेक पोट धरून हसले. त्याने सुनेला फोटो काढायला सांगितला. तिने काढला, पण हसली नाही.

तिला काय झालंय, असं आईने मुद्दाम तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं.

"तिचं सोड," राजा म्हणाला. "आजचा दिवस तुझा."

आईच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

थोड्या वेळाने फोन आला म्हणून सून कठड्याकडे गेली. हात धुवायच्या निमित्ताने आईही मागोमाग गेली. सून कुणाला तरी सांगत होती, की जागा लहान असली तरी चालेल, माणसं दोनच आहेत. आई दिसताच तिने फोन ठेवला.

माणसं दोनच. म्हणजे वेगळं बिऱ्हाड. म्हणजे राजाची आजची माया निरोपाची होती, आणि त्याला फूस लावणारी ही इथे साळसूदपणे उभी होती. आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आकाशपाळण्यात राजा बसणं शक्यच नव्हतं. सूनच म्हणाली, आपण दोघी बसू. आईने नकार दिला नाही. हिला एकटं गाठून चार शब्द सुनावायचेच होते.

माणसं घेत घेत पाळणा वर गेला आणि थांबला.

"माझा मुलगा तोडलास माझ्यापासून," आई म्हणाली. "घर वेगळं मांडतेयस ना? ऐकलंय मी. खुशाल मांड. पण तो माझाच आहे. चार दिवसांत परत येईल."

नदीपलीकडे, झाडीत एक लांबलचक पांढरी इमारत होती. सुनेने तिच्याकडे बोट दाखवलं.

"तो वृद्धाश्रम आहे. तिथे त्याने तुमची खोली ठरवलीय. खाली उतरलो की तुम्हाला सांगणार आहे. आधी मलाच सांगायला लावत होता. म्हणे, तुझ्यावर ती नाहीतरी चिडलेलीच असते. त्यावरूनच आमचं रोज वाजतंय."

आईने खाली पाहिलं. राजा मुंगीएवढा दिसत होता, दोन्ही हात हलवत होता. तिचा हात सवयीने वर गेला आणि अर्ध्यावरच राहिला.

झटका देऊन पाळणा खाली येऊ लागला.

"मी त्याला सोडून चाललेय, आई," सून म्हणाली. "तुम्ही याल ना माझ्याबरोबर?"