चारशे अकरा कोटी

तिसऱ्यांदाही यंत्राने तेच सांगितलं. अठरा कोटी वर्षं. भाचीने खुर्ची मागे सरकवली आणि कपाळाला हात लावला.

दगड मंगळावरचा, उल्का होऊन इथे पडलेला. त्यातल्या बारीक स्फटिकांत युरेनियमचं हळूहळू शिसं होत असतं. किती झालं ते मोजलं की दगडाचं वय निघतं. तीस वर्षांपूर्वी मामांनी ते काढलं होतं, चारशे अकरा कोटी. त्या एका आकड्याने मामांचं नाव झालं, प्रयोगशाळेला नवी इमारत मिळाली, आणि आईबापाविना राहिलेली ही पोर त्यांच्याकडे बघून त्याच वाटेला लागली. आता नवं यंत्र आल्यावर मामांनीच हट्ट धरला होता, तोच दगड तू पुन्हा मोज. तिला वाटलं, म्हातारपणी कौतुक करून घ्यायची हौस, दुसरं काय!

पण उद्या मामांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. फोनवर सगळं ऐकलेल्या मामीने तिला हॉस्पिटलच्या दारातच गाठलं. डॉक्टरांनी बजावलंय, मनाला लागेल असं काही बोलायचं नाही. आकडा कुठे पळून जातोय?

मामा उशीला टेकून नर्सची थट्टा करत होते. भाचीला पाहिलं आणि सावरून बसले. नर्स बाहेर गेली.

"मोजलंस?"

"मोजलं की. तीनदा."

"मग?"

ती मामांशी कधी खोटं बोलली नव्हती. शाळेतले मार्कसुद्धा लपवले नव्हते.

"चारशे अकरा कोटी. तुमचाच आकडा, मामा."

"अगदी तोच?"

"अगदी तोच. जरासुद्धा इकडेतिकडे नाही."

मामांनी डोळे मिटले. तिला हायसं वाटलं. बरे होऊन घरी आले की खरं काय ते सांगू, तोवर काही आभाळ कोसळत नाही, असं तिने ठरवून टाकलं आणि त्यांचं पांघरूण सारखं केलं.

मामांनी तिचा हात धरला. बराच वेळ सोडला नाही.

"कुणीतरी खोडून काढेल म्हणून तीस वर्षं वाट बघतोय गं," ते हळूच म्हणाले. "त्या वर्षी आमचं यंत्र बंद पडलं होतं. तो आकडा मी मोजलेलाच नाही."