पाय पसरण्यापुरती जागा

२ डिसेंबर, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. विमानात प्रवासी १७४. मागच्या प्रवासात समोरच्या आसनाने माझा डावा गुडघा असा चेपला, की मी भर विमानात ओरडलो होतो. म्हणून या वेळी लेकीने जादा पैसे भरून पुढे ऐसपैस जागा असलेली पहिली रांग घेतली.

"बाबा, आता खुशाल पाय पसरा. आणि पुन्हा ओरडून माझी अब्रू घालवू नका हं!"

समोर काहीच नव्हते. तरीही विमान उडताच डावा गुडघा तसाच चेपला गेला.

"बरं वाटतंय ना?" तिने आशेने विचारले.

"अगदी ऐसपैस," मी ओठ आवळून म्हणालो.



मागच्या विमानप्रवासाच्याही कितीतरी आधी, बसच्या अपघातात समोरच्या आसनाखाली चिरडलेला माझा डावा पाय डॉक्टरांनी कापला होता. मांडीखाली त्याची उरलेली लांबी: शून्य सेंटिमीटर.