भाकरीचा आवाज

"सांगितलं तर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही," रत्नाकररावांनी जाहीर केलं आणि कॉफीचा टंबलर कठड्यावर ठेवला. भरलेला टंबलर खाली ठेवला म्हणजे गोष्ट मोठी आहे, हे मैलापूरच्या मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं.

रविवार सकाळचा पिक्चर नुकताच सुटला होता. दोन तास एक बाई स्वयंपाकघरात वावरत होती, फारसं बोलत नव्हती, आणि तिचा नवरा पेपरातून मान वर काढत नव्हता. एवढंच. पण बायका सभागृहातून बाहेर पडल्या त्या आपापल्या नवऱ्यांकडे अशा काही बघत, की नवरे निमूट व्हरांड्याच्या एका टोकाला गोळा झाले होते. कुणीतरी काहीतरी बोलणं फार गरजेचं होतं.

"शेवटी ती भाकऱ्या थापते ना," रत्नाकरराव म्हणाले, "ती भाकरी इथल्या आवडी गावची आहे. आमच्या क्वार्टरमधली."

"झालं सुरू," बँकेतले गिरीधर म्हणाले, पण खुर्ची ओढून घेत.

"अहो ऐका तर. शूटिंग सगळं साताऱ्याकडे, पण आवाज भरायचं काम इथं, वडपळनीच्या स्टुडिओत. दिग्दर्शिका मधुवंती म्हणजे हिच्या मैत्रिणीची मुलगी. आमच्याकडेच उतरलेली. चौथ्या दिवशी रडवेली होऊन घरी आली. स्टुडिओत आवाज काढणारा माणूस होता, शंभर तमिळ पिक्चर केलेला. डोसा म्हणा डोसा, वादळ म्हणा वादळ. पण भाकरी त्यानं जन्मात ऐकलेली नाही! ओल्या फडक्यावर चापट्या मारत बसलाय. पडद्यावर बाई भाकरी थापतेय आणि ऐकू काय येतंय, तर कुणीतरी धुणं धुतंय."

दोनतीन बायकाही जवळ सरकल्या.

"मग काय, हिला नेलं. बरोबर परात, आणि टी. नगरहून आणलेलं दहा किलो चोळमाचं पीठ..."

"ज्वारीचं. दोन किलो," त्यांच्या पत्नी विद्युलताबाई म्हणाल्या. मंडळाची कॉफीची किटली आज त्यांच्या हातात होती. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"दोन. पण त्या दोन किलोत पाचशे भाकऱ्या झाल्या! अख्खा स्टुडिओ जेवला. वरच्या मजल्यावर एक मिशाळ हिरो मारामारीचे आवाज देत होता. त्याला वास गेला. व्हिलनला तसाच गच्चीवरून लोंबकळत ठेवून तो खाली आला, चटणी आहे का विचारायला."

"अय्यो, पोदुम मामा, पुरे!" हरिप्रिया हसून हसून खांबाला टेकली. ती तंजावरकडच्या मराठी घरातली, जन्म मैलापुरातला. रत्नाकररावांच्या गोष्टींना तिच्याइतकं हसणारं दुसरं कुणी नव्हतं.

"हे तर काहीच नाही," रत्नाकररावांनी आवाज खाली आणला. "स्टुडिओत काळोख. समोर पडद्यावर ती नटी, इथं परातीपुढे ही. आणि थापता थापता ही गुणगुणायला लागली. स्वतःला पत्ता नाही! मी काचेतून मधुवंतीला खूण केली, मशीन बंद करू नकोस म्हणून. आठवतंय? नटीचं तोंड मिटलेलं असतं आणि आतून काहीतरी ऐकू येतं? ते नटीचं नाही. ते आमच्या हिचं."

यावेळी कुणी हसलं नाही. ते गुणगुणणं ऐकताना हरिप्रियेनं दोनदा पदर डोळ्यांना लावला होता आणि तिच्या शेजारणीनं तो मागून घेतला होता. हरिप्रिया किटलीकडे वळली.

"मामी, हे तरी खरं?"

विद्युलताबाई कॉफी ओतायच्या थांबल्या.

"ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "खुणाबिणांचं सोड, हे तेव्हा खाली टपरीवर वडे खात होते. पण आवाज माझाच. मधुवंतीनं तो पिक्चरमध्ये ठेवलाय, हे मलाही आजच कळलं."

पाचशे भाकऱ्या पचवलेल्या माणसांना हे खरं निघालेलं पचेना.

मग हरिप्रियेनं विचारलं, "मामा, तुम्ही ओळखलंत? लगेच?"

सगळ्या बायकांच्या माना रत्नाकररावांकडे वळल्या. व्हरांड्याच्या त्या टोकाला गिरीधर नुसतेच कॉफीत चमचा फिरवत राहिले. नवरे मंडळींची सगळी अब्रू आता या एका माणसाच्या उत्तरावर होती.

रत्नाकररावांनी टंबलर उचलला. कॉफी गार झाली होती. त्यांनी बायकोकडे एकदा पाहिलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

"म्हणजे काय! पहिल्या सुराला. चौतीस वर्षं झाली लग्नाला, काही थट्टा आहे? झोपेतून उठवून ऐकवलं असतंत तरी सांगितलं असतं, ही आमची विद्युलता."

विद्युलताबाई किटली घेऊन आल्या. गार कॉफी त्यांनी कुंडीत ओतली आणि टंबलर काठोकाठ भरला, फेसासकट.

"खोटं," त्या म्हणाल्या. "बाहेर आल्यावर मी सांगितलं तेव्हा कळलं तुम्हाला. आत पिक्चर चालू असताना मी तुमचा हात धरून सांगायला गेले, 'अहो, हा आवाज...' तर तुम्ही डोळे पुसलेत आणि मला म्हणालात, 'गप्प बस गं जरा, तिचं ऐकू दे.'"