काढलेला प्लग

खंडेनवमीची पूजा मांडायची म्हणून बाबांनी गवत कापायचं पेट्रोलचं मशीन अंगणात आडवं केलं होतं. पात्याला चिकटलेलं वाळकं गवत ते हाताने खरवडत होते. हळदकुंकवाचं ताट घेऊन मी बाहेर आले.

"प्लग काढलाय ना? सकाळी बजावलं होतं."

"काढलाय गं बाई, काय सारखं तेच! तो बघ." त्यांनी हनुवटीने भिंतीकडे खूण केली. पाण्याच्या मोटरचा प्लग बोर्डाखाली लोंबत होता.

मी मशीनकडे पाहिलं. मी म्हणत होते तो इंजिनाचा स्पार्क प्लग; त्याची काळी वायर होती तिथेच होती. पलीकडचं गवत काढायला बाबांनी पातं फिरवायला घेतलं.

"बाबा, हात हलवू नका! पातं फिरलं तर इंजिन सुरू होईल."

ते पात्यावर हात धरून तसेच थांबले. वायर माझ्या घामेजल्या बोटांतून निसटत होती. शेवटी उपटूनच काढली.

बाबांनी हात अलगद बाहेर घेतला. पंजा ताटातल्या ओल्या कुंकवात बुडवून मशीनच्या पाठीवर दाबला, उचलला आणि बघत राहिले.

पाचही बोटं उमटली होती.