रिकाम्या पाळण्याची चाचणी

उद्या आमची लेक घरी येणार होती. अपुऱ्या दिवसांची ती पोर अजूनही कधीकधी झोपेत श्वास घ्यायला विसरायची. म्हणून दवाखान्याने गादीखाली ठेवायचा एक सेन्सर दिला होता. श्वासागणिक त्याचा हिरवा दिवा लुकलुकतो आणि श्वास थांबला, की थोड्या वेळाने अलार्म वाजतो. रिकाम्या पाळण्यात तो वाजलाच पाहिजे. ही चाचणी झाल्याशिवाय बाळाला न्यायचं नाही, असं नर्सने बजावलं होतं.

अलार्म वाजला नाही. दिवा संथपणे लुकलुकत होता.

"अहो शास्त्रज्ञ, पंख्याने पाळणा हलत असेल, आधी तो बंद करा," मदतीला आलेली माझी ताई हसून म्हणाली.

मी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, पाळणा भिंतीपासून दूर ओढला. दिवा लुकलुकतच होता. सेन्सर टेबलावर ठेवला, तर अलार्मने घर डोक्यावर घेतलं. आमच्या पलंगावरही तो वाजला. परत पाळण्यात ठेवल्यावर मात्र दिवा पुन्हा लुकलुकू लागला.

"यंत्र ठीक आहे," मी म्हणालो.

"मग पाळणा बाहेर काढ," ताई म्हणाली. आता ती हसत नव्हती.

तेवढ्यात दवाखान्यातून बायकोचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला.

"झाली का तयारी? ऐक, लेक काय म्हणतेय बघ."

पलीकडून बाळाचं बारीक रडणं ऐकू आलं.

दिवा थांबला. कान देऊन ऐकताना आपण श्वास रोखतो, तसा.

रडणं थांबलं, तेव्हा तो पुन्हा लुकलुकू लागला. या वेळी भरभर.