बाप जिवंत असताना

मेंदूतल्या गाठीच्या ऑपरेशनआधी हॉस्पिटलचा न्हावी चंद्रप्रकाशचं डोकं भादरायला आला, तसा त्याच्या आईनं, रुक्मिणीनं, न्हाव्याचा वस्तऱ्याचा हातच धरला.

"बाप जिवंत असताना पोराचं मुंडण? शोभतं काय? आमच्या अख्ख्या विक्रोळीच्या चाळीत असं कुणी केलेलं नाही."

न्हाव्यानं बापाकडे, काशीरामकडे बघितलं. काशीरामनं बायकोकडे.

"अगो, मग आजच्यापुरता मी मेलो असं समज. बांगड्या तेवढ्या फोडू नकोस, नव्या आहेत."

खाटेवर चंद्रप्रकाश फिसकन हसला. रुक्मिणीनं कपाळाला हात लावला आणि वस्तरा चालू झाला.

दुसऱ्या दिवशी चंद्रप्रकाशनं डोळे उघडले. गाठ नाजूक जागी होती, आठवण जाऊ शकते, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. त्यांनी काशीरामला खाटेसमोर उभं केलं.

"हे कोण, ओळखलंस?"

चंद्रप्रकाशनं काशीरामला नीट न्याहाळलं.

"माझे बाबा. काल वारले."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. काशीराम मात्र वॉर्डभर ऐकू जाईल असा ओरडला, "अगो, ह्याला सगळं आठवतंय!"