पूर्ण नाव

पालथ्या ठेवलेल्या कपांच्या ओळीतून एकही कप न पाडता नागमोडी स्केटिंग करायचं, याला स्लॅलम म्हणतात. परभणीच्या मैदानावर माझी ओवी ते शिकायला जाते, पण पहिल्या कपाजवळच तिचे पाय थिजायचे. सरांचं समजावून झालं, माझं कठड्याबाहेरून ओरडून झालं. शेवटी क्लासमधल्या एका नव्या मुलीनं सरळ तिचा हात धरला.

"भ्यायलीस कशाला? माझ्याकडं बघ. पडलो तर दोघीबी पडू."

दोघी खिदळत शेवटच्या कपापर्यंत गेल्या. ओवी तिला तशीच ओढत माझ्याकडे घेऊन आली.

"आई, बघितलंस? ही माझी मैत्रीण!"

मला इतकं बरं वाटलं! "लय छान शिकवलंस गं. नाव काय तुझं?"

"समीक्षा."

"समीक्षा काय? पूर्ण नाव सांग की." सवयीनं तोंडातून गेलंच.

तिचं हसू जरा कमी झालं. "समीक्षा सिद्धोधन खिल्लारे."

"अच्छा," मी म्हटलं.

 

मी पुढं काही बोलायच्या आत तिनं ओवीचा हात आपणहून सोडला.